दोरी ओढण्याचा अधिकार

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने पश्चिमेकडे निघाले की गायमुखचा घाट मागे पडतो आणि चेणे गाव लागते. डाव्या हाताला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उजव्या हाताला खाडी आणि या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीतून वरसावे पुलाकडे सरकणारी वाहनांची न संपणारी रांग, हे या गावाचे आजचे रूप. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या फौजांनी पोर्तुगिजांकडून घेतलेला घोडबंदरचा किल्ला येथून हाकेच्या अंतरावर आहे. परंतु आज या वाटेवरून जाणाऱ्याचे लक्ष किल्ल्याकडे नसते, पुढच्या वाहनाच्या लाल दिव्याकडे असते. रात्रीच्या त्या रांगेत कोऱ्या मोटारगाड्या पोटात घेऊन गुजरातच्या दिशेने निघालेले लांबलचक ट्रेलरही असतात. चाकण, रांजणगाव, तळेगाव येथे जोडलेली गाडी देशाच्या पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे जाते, त्यातील एक वाट ही. गाड्या झाकलेल्या असतात, त्यांवर प्लास्टिकचे आवरण असते, काचेवर अजून कागद चिकटलेला असतो. ती गाडी कोणत्या हातांनी जोडली आणि त्या हातांना उद्या काम असेल काय, हे मात्र कोणत्याही काचेवर लिहिलेले नसते.

मीरा-भाईंदरला हा प्रश्न परका नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन-तीन दशकांत मुंबईतून उत्तरेकडे सरकलेल्या कनिष्ठ मध्यमवर्गाने ही वस्ती भरली. त्यांत कापड गिरण्यांचे कामगार होते, तसे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधले आणि कांदिवलीच्या महिंद्रमधलेही होते. स्वेच्छानिवृत्तीच्या पैशांतून वन रूम किचन घेतलेली कुटुंबे या परिसरात शोधावी लागत नाहीत. त्या पिढीत मुलीच्या बापाला स्थळाविषयी एकच प्रश्न विचारावासा वाटे, ‘मुलगा पर्मनंट आहे ना?’ उत्तर ‘होय’ आले की पत्रिका पाहण्याची औपचारिकता उरे. या इंग्रजी शब्दाला मराठी घरांनी दिलेला अर्थ कोणत्याही शब्दकोशात सापडणार नाही. घरभाडे, शाळेची फी, आईचे औषध, गावाकडच्या घराचे कौल आणि दिवाळीचा बोनस, एवढे सगळे त्या एका शब्दात मावत असे.

त्या घरातला आजचा तरुण फिटर किंवा मोटार मेकॅनिकचा दाखला घेऊन चाकणला जातो, तेव्हा त्याच्या गळ्यातील ओळखपत्रावर मोटार कंपनीचे नाव नसते. तेथे कंत्राटदाराचे नाव असते, किंवा ‘ट्रेनी’ असे लिहिलेले असते. शेजारी उभा असलेला चाळिशीचा कामगार तेच नट, त्याच पान्याने, त्याच वेगाने आवळत असतो. पगार मात्र दोन-तीन पट, कधी त्याहून अधिक. एका पट्ट्यावर दोन वर्ण निर्माण झाले आहेत. समरसतेचा विचार करणाऱ्यांनी या शब्दाने दचकू नये, वस्तुस्थितीने दचकावे.

या लेखाचा विषय पगारातील तफावत एवढाच असता तर तो अर्थतज्ज्ञांवर सोपवून मोकळे होता आले असते. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे. गिअरबॉक्सच्या आतले त्याला फारसे कळत नाही. परंतु मोटार उद्योगाने स्वतःच गेली चाळीस वर्षे ‘कार्यसंस्कृती’ या शब्दाचा असा काही जयघोष चालवला आहे की, संस्कृती हा ज्यांचा विषय आहे त्यांनी त्यात डोकावणे भाग आहे. कार्यसंस्कृती म्हणजे सकाळची कवायत नव्हे, भिंतीवरची घोषवाक्ये नव्हेत, साहेब आणि कामगार यांचा गणवेश एकसारखा असणे हेही नव्हे. तिची परीक्षा एका साध्या दोरीवर होते.

जपानच्या टोयोटा कंपनीने आपल्या कारखान्यांत जोडणीच्या पट्ट्यालगत एक दोरी बांधली. ‘अँडन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेचा ती भाग. अलीकडे अनेक ठिकाणी तिच्या जागी बटण आले आहे. समोरून जाणाऱ्या गाडीत काही दोष दिसला की कोणत्याही कामगाराने ती दोरी ओढायची. दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो, तेवढ्यात दोष दूर झाला नाही तर पट्टा थांबतो. म्हणजे साऱ्या कारखान्याला थांबवण्याचा अधिकार सर्वांत खालच्या माणसाच्या हातात दिलेला आहे. दोष लपवून गाडी पुढे ढकलण्यापेक्षा पट्टा थांबवणे स्वस्त पडते, हा त्यामागचा हिशेब. हिशेब सोपा आहे. कठीण आहे ती त्यासाठी लागणारी निर्भयता. दोरी ओढल्यावर ‘उत्पादन बुडवलेस’ म्हणून आपल्यालाच घरी पाठवणार नाहीत, अशी खात्री नसलेला माणूस ती दोरी कशाला ओढील? तो दोष पाहील, मान फिरवील आणि पुढच्या गाडीला नट लावील.

ही खात्री काय करू शकते याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. कॅलिफोर्नियातील फ्रेमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. तेथील कामगार म्हणजे अमेरिकेतील सर्वांत बेशिस्त कामगार, अशी त्यांची ख्याती होती. कोणत्याही दिवशी पाचांतला एक गैरहजर असायचा. १९८४ मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी संयुक्तपणे तोच कारखाना पुन्हा सुरू केला. कामगार बहुतांशी तेच घेतले, सुमारे ८५ टक्के. संघटनाही तीच ठेवली. बदलली ती पद्धत. पट्ट्याशेजारी दोरी आली आणि कंपनी अडचणीत आल्याखेरीज कोणालाही कामावरून कमी करणार नाही, असे वचन करारात आले. काही काळातच गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि तेथील गाड्यांचा दर्जा जपानमधल्या गाड्यांच्या तोडीस तोड ठरला. पुढे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मागणी घसरली, तेव्हा कंपनीने माणसे काढली नाहीत. रिकाम्या वेळेत त्यांना प्रशिक्षण दिले. माणसे तीच होती. ‘आमचा कामगारच आळशी’ म्हणणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाने ही कथा एकदा शांतपणे वाचावी.

टोयोटालाही हे शहाणपण आकाशातून मिळाले नव्हते. १९५० मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या काठावर होती. सुमारे दीड-दोन हजार माणसे कमी करावी लागली, मोठा संप झाला आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी त्याची जबाबदारी घेऊन अध्यक्षपद सोडले. माणसे गेली, तर मालकही गेला. त्यातून जो समझोता झाला त्याचा गाभा असा की, उरलेल्यांना नोकरीची शाश्वती मिळेल आणि त्यांनी कामाच्या नव्या पद्धती स्वीकाराव्यात. दोरी त्या शाश्वतीला बांधलेली आहे. जपानची आरती ओवाळण्याचे मात्र कारण नाही. टोयोटाने मायदेशातही हंगामी कामगार वापरले आहेत, आणि कर्नाटकातील बिडदी येथे टोयोटा-किर्लोस्करच्या कारखान्यात २०२०च्या नोव्हेंबरमध्ये संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याच्या निलंबनावरून ठिय्या आणि टाळेबंदी झाली, ती मिटायला पुढच्या वर्षीचा मार्च उजाडला.

आपल्याकडे १९८३च्या डिसेंबरमध्ये मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली, तेव्हा सुझुकीबरोबर बरेच काही आले. सर्वांसाठी एकच उपाहारगृह, एकच गणवेश, सकाळची कवायत, सूचनापेटी, गुणवत्ता मंडळे. सरकारी कचेऱ्यांत साहेबाचा पेला वेगळा ठेवणाऱ्या देशात ही क्रांतीच होती, आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मात्र या सामानात शाश्वतीची पेटी हळूहळू मागे पडत गेली. मानेसरचा कारखाना उभा राहिला तोवर पट्ट्यावर कायम कामगारांच्या जोडीला कंत्राटी, शिकाऊ आणि तात्पुरते असे थर बसले होते. चहाची सुट्टी साडेसात मिनिटांची. त्यातच स्वच्छतागृह. २०११ मध्ये तेथे तीनदा काम थांबले. कामगारांकडून ‘सद्वर्तनाचे हमीपत्र’ लिहून घेण्याचा हट्ट धरला गेला. ज्या व्यवस्थेला सद्वर्तन लेखी मागावे लागते, ती आधीच हरलेली असते.

१८ जुलै २०१२ रोजी जे झाले त्याचे समर्थन होऊ शकत नाही. एका बाचाबाचीतून जाळपोळ झाली आणि मनुष्यबळ विभागाचे महाव्यवस्थापक अवनीश कुमार देव यांचा त्यात मृत्यू झाला. शेकड्याच्या घरात अधिकारी जखमी झाले. १४८ कामगारांना अटक झाली, पाचशेहून अधिक कायम कामगार बडतर्फ झाले. २०१७ मध्ये न्यायालयाने १३ जणांना जन्मठेप सुनावली आणि ११७ जणांना निर्दोष सोडले. त्या ११७ जणांपैकी अनेकांची वर्षे तुरुंगात गेली होती. एका अधिकाऱ्याच्या घरचा माणूस गेला आणि शंभराहून अधिक निरपराध घरांच्या चुली विझल्या. या दोन दुःखांपैकी कोणते आपले, अशी वाटणी करणाऱ्यांच्या पंक्तीस आपण बसू नये.

कुर्ला आणि कांदिवली

महाराष्ट्राने हा खेळ फार आधीपासून पाहिलेला आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी परकीय सरकारच्या नाकावर टिच्चून १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्यात तयार होणारी फियाट आणि पुढची पद्मिनी ही मुंबईच्या रस्त्याची ओळख बनली. परंतु कारखान्याच्या आत संघटनांची आपसांतली झुंज कधी थांबली नाही. प्रोत्साहनभत्त्याविषयी कंपनीने १९७१ मध्ये एका संघटनेशी करार केला. दुसऱ्या संघटनेच्या कामगारांनी त्याला दिवाणी न्यायालयात आव्हान दिले. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७५ मध्ये त्यावर आलेला निर्णय आजही कामगार कायद्याच्या विद्यार्थ्यांना अभ्यासावा लागतो. औद्योगिक विवाद कायद्याने दिलेल्या हक्काची दाद त्याच कायद्याच्या चौकटीत मागावी, असे न्यायालयाने सांगितले. विद्यार्थ्यांना उत्तम निर्णय मिळाला. कारखान्याला शांतता मिळाली नाही. पुढे डॉ. दत्ता सामंतांचे पर्व आले. १९९६ मध्ये फियाट ऊनोसाठी अडीच लाखांहून अधिक ग्राहकांनी पैसे भरून नोंदणी केली, आणि संघर्षात अडकलेल्या कारखान्यातून त्यांच्यापैकी फारच थोड्यांना गाडी मिळाली. कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात प्यूजो कंपनीशी मांडलेला संसार १९९७ मध्ये मोडला. त्याच वर्षी १६ जानेवारीला पवईत डॉ. सामंतांची हत्या झाली. पद्मिनीचे उत्पादन शतक संपता संपता थांबले. तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २००३ मध्ये ताडदेवला नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली, तेव्हा वृत्तपत्रांनी हळवे अग्रलेख लिहिले. ती गाडी जोडणाऱ्या हातांविषयी त्यांत फारसे काही नव्हते.

मालकाला संरक्षित बाजारपेठेची मस्ती, पुढाऱ्याला अमर्याद आकड्यांची मस्ती. आणि कामगार या दोहोंच्या मध्ये. आमच्या मते कुर्ल्याची शोकांतिका एवढीच आहे. डाव्या मंडळींनी तिचे सारे खापर भांडवलशाहीवर फोडले, उद्योगपतींनी संघटनांवर. दोघांनाही अर्धे सत्य सोयीचे होते.

पुण्याच्या टेल्कोची कथा निराळी आहे आणि अधिक बोलकी. सुमंत मुळगावकरांनी पिंपरीला कारखाना उभारताना आधी प्रशिक्षणशाळा उभारली. ‘टेल्कोची अप्रेंटिसशिप’ हा शब्द त्या काळी पुणे-सातारा पट्ट्यात एखाद्या पदवीसारखा उच्चारला जाई. माणूस घडवायचा आणि मग त्याच्याकडून यंत्र घडवून घ्यायचे, असा तो क्रम होता. तरीही १९८८-८९ मध्ये तेथे संघटनेचे नेते राजन नायर यांच्या बडतर्फीवरून रान पेटले. व्यवस्थापनाने प्रतिस्पर्धी संघटनेशी करार केला, हजारो कामगार शनिवारवाड्यावर उपोषणास बसले आणि सप्टेंबर १९८९च्या अखेरीस एका पहाटे पोलिसांनी त्यांना उचलून बसगाड्यांत घातले. संप मोडला. मोडलेल्या संपातून दोन्ही बाजूंनी धडा घेतला, हे पुण्याचे वैशिष्ट्य. नऊ वर्षांनी याच कारखान्यातून इंडिका बाहेर पडली. पहिली संपूर्ण भारतीय बनावटीची मोटार म्हणून आपण जिचा अभिमान बाळगतो, ती जोडणाऱ्यांत शनिवारवाड्यावर बसलेले हातही होते.

कांदिवली तर चेण्याहून तासाभराच्या अंतरावर. आकुर्ली रस्त्यावरच्या महिंद्रच्या कारखान्यात १९९१ साली दिवाळी बोनसवरून पेच निर्माण झाला होता. त्याच वर्षी कंपनीच्या व्यवस्थापनात आलेल्या आनंद महिंद्र यांनी ‘आधी काम, मग बोनस’ अशी भूमिका घेतली. तो ताण सोपा नव्हता. कामाची फेरमांडणी झाली, अनेकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यात भरडलेलेही होते. पण बारा वर्षांनी, २००३ मध्ये, महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला जपानचे डेमिंग पारितोषिक मिळाले. ट्रॅक्टर बनवणाऱ्या जगातल्या कोणत्याही कंपनीला ते तोवर मिळालेले नव्हते. २००७ मध्ये त्यावरचे जपान गुणवत्ता पदकही आले. ज्या एडवर्ड्स डेमिंग यांच्या नावाने हे पारितोषिक दिले जाते, त्यांनी व्यवस्थापकांसाठी चौदा सूत्रे सांगितली. त्यांतले एक सूत्र कामाच्या जागेतून भीती हद्दपार करण्याविषयी आहे. घेरावापासून पारितोषिकापर्यंतचा हा प्रवास आपल्या शेजारी, आपल्यातल्याच माणसांनी केला. मराठी कामगार संघटना करतो म्हणजे उद्योग बुडवतो, असे म्हणणाऱ्यांना कांदिवलीचा पत्ता द्यावा.

दोनशे चाळीस दिवस

मग बिघडले कोठे? बिघाड एका आकड्यात शोधता येतो. औद्योगिक विवाद कायद्यानुसार बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की ती वर्षभराची सलग सेवा मानली जाई आणि कामगाराला काही संरक्षण मिळे. तरतूद कामगाराच्या हिताची. तिचा परिणाम असा झाला की सात महिने भरत आले की ‘ब्रेक’ द्यायचा. कंत्राटदाराचे नाव बदलते, ओळखपत्राचा रंग बदलतो, यंत्र तेच राहते, मुलगा तोच राहतो. वर्षानुवर्षे माणसाला तात्पुरता ठेवून कायमपणाच्या लाभांपासून वंचित करणे ही महाराष्ट्राच्या १९७१च्या कामगार संघ मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्याने चक्क अनुचित प्रथा ठरवली होती. पण ते सिद्ध करायला मुलाने कंपनीविरुद्ध न्यायालयात उभे राहायला हवे, आणि त्याच्या पुढच्या सात महिन्यांची चावी त्याच कंपनीच्या हातात. २००१ मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी त्या कामगारांना मूळ कंपनीत आपोआप सामावून घेतले जाणार नाही. तेव्हापासून ही वाट राजमार्ग झाली. २०१३ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने आणलेली ‘नीम’ योजना शिकणाऱ्यांसाठी होती. पुणे पट्ट्यातील अनेक कारखान्यांनी तिचा उपयोग विद्यावेतनावर उत्पादन करून घेण्यासाठी केला. भविष्य निर्वाह निधी नाही, बोनस नाही. आणि शिकायला काय, तर एकच नट आवळणे. पुढे ती योजना गुंडाळली गेली, सवय राहिली.

साऱ्या उद्योगांचा विचार केला तर, सरकारच्याच वार्षिक उद्योग पाहणीनुसार, या शतकाच्या प्रारंभी कारखान्यांतील पाचांतला एक कामगार कंत्राटी होता; आज पाचांतले दोन आहेत. मानेसरच्या घटनेनंतर मारुतीने पट्ट्यावरची कंत्राटदारांमार्फत होणारी भरती थांबवून थेट तात्पुरते कामगार घेण्यास सुरुवात केली. मधला दलाल गेला हे बरे झाले. मुदत मात्र सात महिन्यांचीच राहिली.

मोठ्या कारखान्याच्या पट्ट्यावर निदान प्रकाश असतो, हातमोजे असतात. खाली सुट्या भागांच्या लहान कारखान्यांत उतरावे तसतसा अंधार वाढतो. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांमुळे पॉवर प्रेस म्हणजे काय, हे या परिसरातील वाचकाला सांगण्याची गरज नाही. तोच प्रेस मोटारीचे पत्रे आणि कंस कापतो. संवेदक बसवला तर हात आत असताना तो खाली येत नाही. संवेदकाने वेग मंदावतो म्हणून तो बंद ठेवला जातो. हरियाणातील मोटार पट्ट्यात ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था अशा जखमी कामगारांच्या नोंदी काही वर्षे प्रसिद्ध करीत आहे. बोटे गमावणाऱ्यांत परगावाहून आलेले आणि कंत्राटी तरुण मोठ्या संख्येने आहेत. यंत्राचा दोष त्यांना आधीच ठाऊक नव्हता असे नाही. तो सांगण्याची सोय नव्हती. पुन्हा तीच दोरी.

उद्योजकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. मोटारीची मागणी लाटेसारखी चढते-उतरते. २०१९ मध्ये मंदी आली, आणि २०२०च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे मारुतीसारख्या कंपनीची देशांतर्गत विक्री शून्यावर आली. अशा उद्योगाने सर्वांना कायम करून ठेवले तर तो टिकेल कसा, असा त्यांचा सवाल असतो, आणि तो खोटा नाही. पण लाटेचा सारा फटका नेहमी एकाच थराने का सोसावा, याचे उत्तर त्यात नाही. फ्रेमाँटच्या कारखान्यानेही लाट पाहिली होती. तास कमी करणे, प्रशिक्षण देणे, रजा वाटून घेणे, वरच्या पगारांना आधी कात्री लावणे, असे मार्ग आहेत. घरात चणचण आली की आई प्रत्येकाच्या पानातली अर्धी पोळी कमी करते. धाकट्याला उपाशी ठेवून थोरल्याला पोटभर वाढत नाही. उद्योगाला ‘परिवार’ म्हणायचे असेल तर त्या शब्दाची ही किंमत आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या. एकोणतीस जुन्या कायद्यांची गुंतागुंत त्यांनी सोडवली, हे योग्यच झाले. निश्चित मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन आणि लाभ, तसेच वर्षभरात उपदानाचा हक्क त्यांत आहे. नियुक्तिपत्र सर्वांना सक्तीचे आहे. ही पावले मोठी आहेत. पण मुदत किती वेळा वाढवावी, यावर मर्यादा नाही. मुख्य उत्पादनप्रक्रियेत कंत्राटी कामगार नकोत, असे संहिता म्हणते आणि पुढच्याच ओळीत कामाचा भार अचानक वाढल्यास सूट देते. मोटारीच्या पट्ट्यावर भार दर दसऱ्याला ‘अचानक’ वाढतो! तीनशेपर्यंत कामगार असलेल्या कारखान्यांना कपात आणि बंदीसाठी सरकारची परवानगी लागणार नाही. सुट्या भागांचे बहुतेक कारखाने या रेषेखालचे. राष्ट्रवादी विचाराच्या सरकारने केलेला कायदा आहे म्हणून त्यावर बोलू नये, असे कोणी सुचवील तर त्यांना आठवण करून द्यावी की, २०२० मध्ये यांतील काही तरतुदींविरुद्ध भारतीय मजदूर संघ स्वतः रस्त्यावर उतरला होता.

मस्टरवर कोणाचे नाव

२३ जुलै १९५५ रोजी भोपाळला मजदूर संघाची स्थापना करताना वर्ध्याजवळच्या आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी यांनी वर्गसंघर्षाची भाषा नाकारली, तशीच मालकाची तळी उचलण्याचीही. उद्योगाचे श्रमिकीकरण व्हावे, म्हणजे श्रम हेही भांडवल मानून श्रमिकाला उद्योगाच्या स्वामित्वात वाटा मिळावा, ही त्यांची मांडणी होती. २०१३ मध्ये चाकणच्या बजाज ऑटोतील कामगारांनी प्रत्येकाला कंपनीचे पाचशे समभाग एक रुपया दराने मिळावेत, अशी मागणी केली, तेव्हा साऱ्या अर्थपृष्ठांनी तिची टिंगल केली. पन्नास दिवसांनी तो संप विनाअट मागे घ्यावा लागला. दर हास्यास्पद होता, डावपेच कच्चा होता. पण त्यामागचा विचार हास्यास्पद होता काय? संगणक कंपन्यांनी आपल्या अभियंत्यांना समभाग दिले तेव्हा त्याला दूरदृष्टी म्हटले गेले. जर्मनीत दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगारांना देणारा कायदा १९७६ पासून आहे, आणि त्याच जर्मनीची फोक्सवॅगन चाकणला गाड्या बनवते. तेथे चालणारी गोष्ट येथे विनोद का ठरावी, हे आम्हाला तरी उमगलेले नाही.

वाटा नसला की काय होते ते तळेगावने पाहिले. जनरल मोटर्सने २००८ मध्ये तेथे कारखाना सुरू केला, २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबवली आणि २०२०च्या डिसेंबरमध्ये उत्पादनही बंद केले. चौदाशेहून अधिक कामगारांच्या हाती २०२१ मध्ये कपातीच्या नोटिसा पडल्या. हे सगळे कायम कामगार होते. त्यांनी न्यायालयाचे उंबरे झिजवले, उपोषणे केली. २०२४च्या जानेवारीत कारखाना ह्युंदाईच्या ताब्यात गेला. जमीन, इमारती आणि यंत्रे यांचे हस्तांतर झाले. यंत्रे विक्रीच्या यादीत होती, त्यांच्यावर बारा वर्षे बसलेले हात नव्हते.

या साऱ्यात संघटनांनाही एक अवघड प्रश्न विचारावा लागतो, आणि तो आपल्या संघटनांनाही लागू आहे. दर तीन-चार वर्षांनी मोटार कारखान्यांत वेतनकरार होतो. मासिक वाढीचा आकडा वृत्तपत्रांत झळकतो, फटाके वाजतात, गुलाल उधळला जातो. त्या करारात कंत्राटी मुलांसाठी किती ओळी असतात? बहुधा एकही नसते. किंबहुना वाढीचा बोजा पेलण्यासाठी नवी कायम भरती होणार नाही, हे दोन्ही बाजूंनी न बोलता मान्य केलेले असते. काकाच्या पगारवाढीचे पैसे पुतण्याच्या ताटातून आले, एवढे तरी काकाला ठाऊक असावे. वीज क्षेत्रात कंत्राटी कामगारांची स्वतंत्र बांधणी करून मजदूर संघाने महाराष्ट्रात दाखवले आहे की, हे काम अशक्य नाही. मोटारीच्या पट्ट्यावर ते कोण करणार?

नव्या संहितेनुसार एखाद्या संघटनेला एकमेव वाटाघाटीचा हक्क मिळायचा तर आस्थापनेच्या हजेरीपटावरील, म्हणजे आपल्या जुन्या शब्दात मस्टरवरील, एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. कंत्राटी मुलाचे नाव त्या मस्टरवर नसते. ते असते कंत्राटदाराकडे, त्याच्या कचेरीतल्या कपाटात. पट्ट्यावरची निम्मी माणसे अशी असली तरी मोजणीत ती धरली जाणार नाहीत. पुढच्या सदस्य मोहिमेला जे कार्यकर्ते चाकणला, रांजणगावला, नाशिकला जातील, त्यांनी कारखान्याच्या दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला, ओळखपत्राचा रंग न पाहता, पावती फाडून द्यावी. मस्टर कायद्याने ठरते. संघटनेची वही आपण ठरवतो, आणि तिच्यात त्या मुलाचे नाव लिहायला कोणत्याही संहितेची आडकाठी नाही.